वफादारी की हुनर? : जेकब वेनराइट यांच्या रोजनिशीच्या निमित्ताने

गुलामाच्या हातातील कसब इतिहासात कोण नोंदवतो, हा प्रश्न साधा नाही. वसाहतकालीन जमैकात मालक फरारी गुलामांच्या जाहिराती वृत्तपत्रांत देत. त्यांत अंगावरील खुणांबरोबर सुतार, गवंडी, पिंपे घडवणारा असा धंदाही छापला जाई. कारण उघड आहे. कसबी माणूस बंदराच्या शहरात स्वतंत्र म्हणवून मजुरी मिळवू शकत असे. मालकाने धास्तीपोटी का होईना, त्याच्या हुनराची दखल घेतली.

उपकारकर्त्यांच्या लेखनात मात्र ती आढळत नाही. याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नाशिकजवळच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने, ब्रिटिश नौदलाने गुलामवाहू जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना ठेवले होते. लेखन-वाचनासोबत तेथे सुतारकाम, लोहारकामही शिकवले जाई. याओ जमातीचे जेकब वेनराइट तेथेच शिकले. १८७२ मध्ये ते डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या तुकडीत दाखल झाले.

मे १८७३ मध्ये चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारले. त्यांचे हृदय तेथेच पुरण्यात आले. त्या वेळी प्रार्थना वेनराइट यांनी वाचली आणि झाडावर लेखही त्यांनीच कोरला. त्या लेखात लिव्हिंगस्टन यांच्यासोबत तिघा आफ्रिकी सोबत्यांची नावे आहेत, ही बाब लक्षणीय आहे. पुढे सोबत्यांनी वाळवलेला देह सालीच्या नळकांड्यात बांधून समुद्रकिनाऱ्यापर्यंत पायी नेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत वेनराइट होते.

होरेस वॉलर यांनी १८७४ मध्ये लिव्हिंगस्टन यांच्या अखेरच्या रोजनिशा संपादित केल्या. त्यांतील या प्रवासाचे कथन मुख्यतः सुसी व चुमा यांच्या सांगण्यावर बेतलेले आहे. पुढील लेखनात या साऱ्यांना ‘वफादार सेवक’ हेच बिरूद चिकटले. वेनराइट यांनी स्वतः लिहिलेली रोजनिशी त्याच वर्षी जर्मन अनुवादात छापली गेली, परंतु मूळ लेखन वाचकांसमोर यायला फार काळ लागला.

वफादारी मालकाच्या बाजूने मोजली जाते, हुनर मात्र ज्याचा त्याचा असतो. उर्दू आणि मराठी दोन्ही जाणणाऱ्यास हा भेद समजावून सांगावा लागू नये. वेनराइट स्वतः पळून आले नव्हते, त्यांना सोडवण्यात आले होते, हे मान्य केले पाहिजे. पण सुटका दुसऱ्याने केली म्हणून नंतरचे कर्तृत्वही दुसऱ्याचे ठरत नाही. नाशिकला राहिलेले विल्यम जोन्स पुढे केनियातील रबाईच्या मिशनमध्ये होते. तेथे पळून आलेल्या गुलामांना आसरा मिळाला. रबाई व आसपासच्या मिशन-वस्त्यांतील सुमारे १,४०० जणांना १८८८-८९ मध्ये मोबदला भरून मुक्ततेचे कागद देण्यात आले. सोडवलेल्यांनी इतरांच्या सुटकेला हात दिला, तो असा.

वेनराइट या इंग्रजी आडनावाचा मूळ अर्थ ‘गाडे घडवणारा कारागीर’ असा आहे. हा योगायोग असेल. पण त्या रोजनिशीचा मराठी व उर्दू अनुवाद झाल्यास नाशिकच्या या विद्यार्थ्याची ओळख आपल्या वाचकांना त्याच्याच शब्दांत होईल.