तक्त्यात न मावणारा फरक: रमाबाईंची पत्रं वाचताना



दिवाळीत अल्लीपूरला घरी गेले होते. गावातला एक मुलगा भेटायला आला. एम.ए. झालाय, पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करतोय. विषय ठरवला होता, 'कॅथलिक आणि अँग्लिकन श्रद्धा व आचार: तुलनात्मक अभ्यास'. "ताई, एकदा पाहून द्या ना," म्हणाला आणि दोन रकान्यांचा तक्ता समोर ठेवला.

कॅथलिक पोपला सर्वोच्च मानतात, अँग्लिकन मानत नाहीत. इकडे सात संस्कार, तिकडे ख्रिस्ताने स्थापलेले म्हणून दोनच. इकडे धर्मगुरू साधारणपणे अविवाहित, तिकडे लग्नाची मुभा. मिस्सेतली भाकर आणि द्राक्षारस मूलतः ख्रिस्ताचं शरीर-रक्त होतात ही कॅथलिक शिकवण. अँग्लिकनांच्या 1571 च्या 39 कलमांनी ती नाकारली.

एकही ओळ धडधडीत चूक नव्हती. तरी मी म्हटलं, "यावर मुलाखतीत पाच मिनिटंही टिकणार नाहीस." त्याचा चेहरा उतरला. असं का म्हटलं, ते त्याला एका पुस्तकाच्या आधारे समजावलं. तेच तुमच्यासाठीही लिहितेय.

मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, म्हणून आधी आपल्या शेतातलं उदाहरण. कपाशीवर लाल्या आला की पानं लाल होतात. पण कारण एक नसतं. कुठे मॅग्नेशियम कमी पडलेलं असतं, कुठे नत्र, कुठे तुडतुडे असतात, कुठे रात्रीची थंडी. नुसती लाल पानं मोजून तुलना केली, तर दोन शेतं सारखी दिसतील आणि उपाय चुकेल. तक्ता लक्षणं नोंदवतो. संशोधनाला कारण विचारावं लागतं.

आता पुस्तक. 'द लेटर्स अँड करस्पॉन्डन्स ऑफ पंडिता रमाबाई'. सिस्टर जेराल्डिन यांनी जमवलेला हा पत्रसंग्रह अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 मध्ये काढला. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या जिथे राहिल्या तो मठ अँग्लिकन होता.

मठ आणि तोही अँग्लिकन! तक्ता इथेच अडखळतो. वाँटेजची ही संस्था 1848 मध्ये स्थापन झालेली. तिथल्या सिस्टर व्रतस्थ, अविवाहित. मठाचा पोशाख, ठरलेल्या वेळच्या प्रार्थना. बाहेरून पाहणाऱ्याने हे सगळं बिनदिक्कत कॅथलिक रकान्यात टाकलं असतं. अँग्लिकनांमध्ये 'हाय चर्च' नावाचा जो प्रवाह आहे, त्याचं दिसणं असंच. म्हणजे एका रकान्याच्या आतच एवढा फरक, आणि दोन रकान्यांमध्ये एवढं साम्य.

मग खरा फरक कुठे शोधायचा? पत्रं त्याचा माग देतात. रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांतावर प्रश्न विचारतात. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृतात काय कमी आहे, असंही विचारतात. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न आला, तेव्हा भारतातल्या बिशपांचं मत मागवलं गेलं. ते विरोधात होतं. रमाबाईंना हे बिलकूल पटलं नाही. पुरोहितांचं एक जोखड कष्टाने उतरवल्यावर दुसरं मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या. प्रत्येक वादाच्या तळाशी एकच प्रश्न सापडतो: शेवटचा शब्द कुणाचा?

कॅथलिक चर्चमध्ये या प्रश्नाला ठरलेलं उत्तर आहे. 1870 च्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं की श्रद्धा आणि नीतीबाबत पोप विशिष्ट अधिकाराने जे ठरवतात, त्यात चूक नसते. अँग्लिकनांकडे बायबल आहे, प्रार्थनापुस्तक आहे, 39 कलमं आहेत, बिशप आहेत. पण सगळ्यांच्या वर बसलेलं असं एक पीठ नाही. म्हणून जेराल्डिन चर्चच्या नावाने आज्ञापालन मागतात, रमाबाई सदसद्विवेकाच्या नावाने नकार देतात आणि वाद मिटत नाही.

इथे दोन सावधगिऱ्या. पहिली, 'अँग्लिकन म्हणजे मोकळीक' असं लिहू नका. पत्रांतला दबाव खरा आहे. परक्या देशात, लहान मुलगी सोबत असताना, ज्यांच्या आधारावर आपण जगतो त्यांच्याशीच रमाबाई भांडत होत्या. त्या कॅथलिक असत्या तर वाद लवकर संपला असता, हे माझं अनुमान झालं, पुरावा नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहायची सवय आत्तापासून लावा.

दुसरी सावधगिरी पुस्तकाबद्दल. पत्रं जमवणाऱ्या आणि त्यांवर टिपणं लिहिणाऱ्या जेराल्डिन स्वतः वादातल्या एक पक्ष आहेत. त्यांच्या नजरेतून रमाबाई पुष्कळदा हट्टी शिष्या दिसतात. पुस्तकाची मोठी उणीव हीच, आणि संशोधकाला मोठा फायदाही हाच. कारण टिपणातली रमाबाई आणि पत्रातली रमाबाई शेजारी ठेवून वाचता येतात. पत्र आधी वाचा, टीप नंतर. मी पहिल्यांदा उलटं केलं आणि बरेच दिवस जेराल्डिनच्याच बाजूने विचार करत राहिले.

आता नकाशा आपल्याकडे आणू. तक्त्यातला 'अँग्लिकन' रकाना घेऊन विदर्भात निघालात, तर त्या नावाचं वेगळं चर्च सापडणार नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, अँग्लिकनांसह सहा चर्च एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया बनलं. त्यात बाप्टिस्टही आले. ते तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत, तरी तडजोड निघाली. कॅथलिक मात्र या एकत्रीकरणात नव्हते. खरं तर बिशप दोन्हीकडे असतात, तक्त्यात तिथे 'आहे-आहे' लिहिता येईल. पण अँग्लिकन दीक्षाविधी पोप लिओ तेरावे यांनी 1896 मध्येच रद्दबातल ठरवले होते. पद तेच, पोशाखही जवळपास तोच, पण अधिकार मान्य नाही. पुन्हा तोच प्रश्न: शेवटचा शब्द कुणाचा?

त्या मुलाचा तक्ता मी फाडायला सांगितला नाही. तो पहिल्या पानावर राहू दे, ओळख म्हणून. विषयाचं नाव तेवढं बदलायला सांगितलं. 'फरक कोणते' याऐवजी 'नागपूर परिसरातल्या दोन मंडळ्यांमध्ये मतभेद झाला की निर्णय कोण घेतं, आणि तो न पटणारा माणूस पुढे काय करतो?' यासाठी माणसांना भेटावं लागेल, सभांची इतिवृत्तं मागावी लागतील. कदाचित माझं अधिकाराचं सूत्र चुकीचंही ठरेल. ठरलं तर ठरू दे, निदान तपासता तरी येईल.

तुमच्याही प्रस्तावात दोन रकाने असतील, तर आज रात्री एक काम करा. दोन्हीकडे न बसणारा एक माणूस शोधा. त्याच्यापासून सुरुवात करा.