नोकरीत कायम झालेला नट

पूर्वी नटाला मुलगी द्यायला लोक कचरत. वर कारण नीतीचं सांगत, पण खरी गोम होती पगारात. पहिल्या तारखेची शाश्वती नाही! या आक्षेपाला जगात कुणी चोख उत्तर दिलं असेल, तर ते इंग्लंडातल्या विल्यम रोच या गृहस्थांनी. ९ डिसेंबर १९६० रोजी 'कॉरोनेशन स्ट्रीट' या मालिकेच्या पहिल्याच भागात ते केन बार्लो म्हणून कामावर रुजू झाले. मालिका सुरुवातीला ठरली होती १३ भागांची. २०२० च्या डिसेंबरात साठ वर्षं भरली, तेव्हाही रोचसाहेब त्याच गल्लीत, त्याच नावानं हजर होते. गिनेसच्या बुकानं नोंद घेतली. एवढ्या काळात आपल्याकडे कारकुनाचा मॅनेजर होतो, निवृत्त होतो, सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि पार्किंगवरून भांडून तिथलाही राजीनामा देतो.

मँचेस्टरजवळचं वेदरफिल्ड नावाचं एक काल्पनिक उपनगर, त्यातली एक कामगारांची गल्ली, कोपऱ्यावर दारूचा गुत्ता. थोडक्यात, चाळच, फक्त आडवी. पहिल्या भागातला केन हा कॉलेजात शिकणारा हुशार पोरगा. जेवणाच्या टेबलावर बाप सॉसची बाटली ठेवून जेवतो, याची त्याला लाज वाटते. मैत्रिणीला ज्या हॉटेलात न्यायचं, नेमकी तिथल्याच स्वयंपाकघरात आई कामाला! हे दुःख गिरगावात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. शिकलेल्या मुलाला घरच्या फुर्रकन चहा पिण्याची लाज वाटणं हा आपल्याकडे निम्म्या कथांचा विषय आहे. फरक इतकाच, की कथेतला मुलगा शेवटच्या पानावर शहरात निघून जातो. केन गेलाच नाही. पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि पुरोगामी मतं घेऊन तो त्याच गल्लीत म्हातारा झाला. गल्लीनं त्याला कधी मनावर घेतलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आता मुद्द्याचं. हा नट चांगला की नुसताच टिकाऊ? टीकाकार मालिकेतल्या नटाला नट मानायला तयार नसतात. 'सन' नावाच्या वृत्तपत्रानं १९९० साली छापलं, की हा माणूस पडद्यावरच्या केनइतकाच कंटाळवाणा आहे. रोच चिडले आणि कोर्टात गेले. आपण कंटाळवाणे नाही, हे ज्यूरीसमोर सिद्ध करायचं म्हणजे केवढं संकट! आमच्यापैकी किती जण त्यातून सुटतील? रोच १९९१ साली जिंकले. भरपाई ५०,००० पौंड. पण तेवढीच रक्कम वृत्तपत्रानं आधीच देऊ केलेली असल्यामुळे तिथल्या कायद्याप्रमाणे खर्चाचा बोजा जिंकणाऱ्याच्याच गळ्यात पडला, आणि पुढे १९९९ साली त्यांना दिवाळखोरी जाहीर करावी लागली. एवढा नाट्यमय कंटाळवाणेपणा दुसऱ्या कुणाला जमेल असं वाटत नाही.

माझं मत विचाराल तर केन कंटाळवाणा आहेच, आणि तीच त्या नटाची कमाई आहे. रोच डोळे वटारत नाहीत, मान झटकत नाहीत. समोरचा बोलत असताना ते ऐकतात. मालिकेत ऐकणारा नट म्हणजे लग्नात स्वस्थ बसलेली वरमाय. सहसा आढळत नाही. आपल्या मालिकांत एका वाक्यावर तीन बाजूंनी तीनदा चेहरा दाखवतात, वर वीज कडाडते. मग भडका उडायचा तेव्हा उडवायला हाताशी उरतं काय?

रोचनी बावीस वर्षं केन जपून खर्च केला. मग १९८३ साली त्याची बायको डिअर्ड्री शेजारच्या कारखानदाराच्या, माइकच्या, नादी लागते. माइक दारात येतो. हा सज्जन माणूस दार धाडकन लावून घेतो आणि बायकोला त्या दारावरच दाबून धरतो. अंगावर काटा येतो, तो त्या बावीस वर्षांमुळे. ओल्ड ट्रॅफर्डवर फुटबॉलचा सामना चालू असताना धावफलकावर बातमी झळकली, की केन आणि डिअर्ड्री पुन्हा एक झाले!

लग्नांच्या बाबतीत मात्र केननं संयम पाळला नाही. पहिली बायको १९७१ साली केस वाळवायच्या यंत्राचा शॉक लागून गेली. दुसरीही टिकली नाही. डिअर्ड्रीशी लग्न दोनदा: १९८१ मध्ये राजपुत्र चार्ल्सच्या पहिल्या लग्नाआधी दोन दिवस, आणि २००५ मध्ये त्याच्याच दुसऱ्या लग्नाच्या आदल्या दिवशी. आमची मँचेस्टरची भाची म्हणते, "मामा, राजवाड्यात मुहूर्त यांच्या घरून विचारून काढतात." पोराबाळांचा हिशेब तर पंचांगकर्त्यालाही न सुटणारा. रोच यांचा खरा मुलगा लायनस लहानपणी केनचा मुलगा पीटर झाला होता. तोच २०१० साली परत आला तो केनचा दुसराच मुलगा म्हणून, आणि त्याचा सावत्र भाऊ जेम्स आला त्या मुलाचा मुलगा म्हणून. खरे भाऊ पडद्यावर बापलेक! ग्राहकानं केलेली तक्रार मात्र ऐकिवात नाही.

पण २०१५ सालचे ते भाग पाहताना विनोद सुचत नाही. डिअर्ड्रीचं काम करणाऱ्या ॲन कर्कब्राइड जानेवारीत वारल्या. रोच यांच्याबरोबर त्यांनी तीसेक वर्षं संसार केला होता, खोटा असला तरी रोजचा. गोष्टीत मात्र डिअर्ड्री बाहेरगावी होती, आणि जुलैपर्यंत तिला मारायचं नव्हतं. म्हणजे ती आता येणार नाही हे नटाला ठाऊक, सगळ्या देशाला ठाऊक, आणि केननं बोलायचं ते बायको घरी परतणार आहे या हिशेबानं. तिच्या साठाव्या वाढदिवसाची तयारी करायची. मग मैत्रीण एकटीच बातमी घेऊन येते.

तिथे रोच काहीच करत नाहीत. ऐकतात.