‘सिंहगड’मधील रात्र : बाबूराव पेंटर यांच्या चित्रपटशैलीविषयी

पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे तानाजी मालुसरे यांची समाधी आहे आणि महाड तालुक्यात रायगड. या परिसराने तानाजीची कथा पोवाड्यांतून ऐकली. ऐकणाऱ्याच्या मनात ती रात्र आपोआप उभी राहते. दिग्दर्शकाला मात्र ती घडवावी लागते. बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) यांच्या ‘सिंहगड’ (१९२३) या मूकपटाचा विचार येथून सुरू व्हावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सिंहगडची लढाई फेब्रुवारी १६७० मधील, तीही रात्रीची. मूकपटांचे चित्रीकरण तेव्हा आपल्याकडे सूर्यप्रकाशावर अवलंबून होते. हरी नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरील या चित्रपटात पेंटर यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. इतिहासग्रंथांत याची नोंद एक तांत्रिक प्रयोग म्हणून होते व तेथेच थांबते. वस्तुतः हा प्रश्न यंत्रापेक्षा दृष्टीचा आहे. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवून तयार झालेल्या या चित्रकाराच्या लेखी सावली हे आकार घडविण्याचे साधन होते. सपाट पडदे सोडून त्यांनी घनाकार नेपथ्य स्वीकारले, तेही याच दृष्टीने : पडद्यावर सावली रंगवावी लागते, घनाकृतीवर ती पडते.

‘सावकारी पाश’ (१९२५) मुळे त्यांना वास्तववादी म्हटले जाते. (त्याचे कथाकार नारायण हरी आपटे; विद्यार्थी या दोन आपट्यांना हटकून एक करतात.) कर्जात जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर आणणे हे धाडसच होते. परंतु विषय वास्तव असला म्हणजे शैली वास्तववादी ठरत नाही. शिवाय हे दोन्ही मूकपट आज उपलब्ध नाहीत. ‘मुरलीवाला’ (१९२७) सारख्या पौराणिक चित्रपटाचे काही अंश तेवढे उरले आहेत. न पाहिलेल्या कृतीविषयीचे गौरवोद्गार एका ग्रंथातून दुसऱ्यात उतरत जातात आणि आपणही ते वर्गात निःशंकपणे सांगतो. ही समीक्षा नव्हे.

पेंटर यांचा वारसा जेथे पडताळून पाहता येतो तेथे शोधावा. १९२९ मध्ये ‘प्रभात’ स्थापन करणारे दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, पेंटर यांच्या हाताखाली घडले. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मधील घर पाहावे. तेथे नेपथ्य स्वतःकडे लक्ष वेधत नाही. जिजाईचा त्रागा त्या घरात सहज वावरतो. चमत्कारदृश्यांत फाळके यांची परंपरा जाणवते, तर या घरात पेंटर यांची. त्याच वर्षी खुद्द पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ बोलपटरूपात पुन्हा केला. पण त्यांच्या दृष्टीचे अधिक पक्व फळ शिष्यांच्या चित्रपटात आहे, असे माझे मत आहे.