आई पाहिजे

हिंदी चित्रपटातली आई बहुधा मुलानंतर जन्माला येते. वैद्यकशास्त्राला हे मान्य होणार नाही. पण वैद्यकशास्त्राला हिंदी चित्रपटातलं बरंच काही मान्य नसतं. 1955 सालच्या 'मुनीमजी'मध्ये निरुपा रॉय देव आनंदची आई झाली, तेव्हा चिरंजीव एकतीस वर्षांचे होते आणि मातोश्री चोवीस वर्षांच्या! बरं, बाईंना आईपणाची फार हौस होती म्हणावं, तर तसंही नाही. दोनच वर्षांपूर्वी 'दो बिघा जमीन'मध्ये त्या बलराज साहनीची तरणी बायको होत्या. त्याच्या अलीकडे-पलीकडे पौराणिक चित्रपटांत देवी होत्या. लोक घरी येऊन त्यांच्या पाया पडायचे म्हणे. अशा या देवीनं 'मुनीमजी'त आईचं काम जीव ओतून केलं आणि त्याबद्दल तिला फिल्मफेअरचं पारितोषिक मिळालं. तिथंच घात झाला. पारितोषिक कसलं, तो नेमणुकीचा हुकूम होता! पुढची तीस-चाळीस वर्षं बाई शिवणयंत्र चालवीत, खोकत आणि जत्रेत मुलं हरवीत राहिल्या.

आमच्या सुलोचनाबाईंचं तेच. 1953 साली 'वहिनींच्या बांगड्या'त सगळा महाराष्ट्र ज्या वहिनीसाठी रडला, ती वहिनी 1959 साली 'सुजाता'त नूतनची आई झाली. आई आणि मुलगी यांच्यात अंतर सात-आठ वर्षांचं. एवढं अंतर आमच्या आळीत सख्ख्या बहिणींमध्ये असायचं. आणि 1990 सालच्या 'अग्निपथ'मध्ये तर कमालच झाली. रोहिणी हट्टंगडी अमिताभ बच्चनच्या आई, आणि चिरंजीव आईपेक्षा चांगले कितीतरी वर्षांनी मोठे. मुलानं आईला वाकून नमस्कार करायचा की आईनं मुलाला, असा पेच सेटवर कसा पडला नाही कोण जाणे!

यात हसण्यासारखं काय आहे ते मी सांगितलं. आता न हसण्यासारखं सांगतो.

चित्रपटसृष्टी या शब्दात 'सृष्टी' आहे म्हणून लोकांना वाटतं, तिथं रोज काहीतरी नवीन निर्माण होत असेल. मला ते वाण्याचं दुकान वाटत आलं आहे. फळ्यांवर ओळीनं पत्र्याचे डबे मांडलेले. डब्यांवर चिठ्ठ्या: आई, सासू, इन्स्पेक्टर, डॉक्टर, गावचा पाटील, नायकाचा जाडा मित्र. एकदा तूरडाळ म्हणून डब्यात गेलात की तुम्ही जन्मभर तूरडाळ. मग तुम्ही मनातून केशर का असेना! जगदीश राज नावाचे नट 144 चित्रपटांत पोलीस झाले आणि त्याबद्दल त्यांचं नाव गिनेस बुकात गेलं. खऱ्या पोलीस खात्यात माणूस तेवढ्या काळात बढत्या घेत घेत कमिशनर होऊन, पेन्शन घेऊन, आत्मचरित्रसुद्धा लिहून मोकळा होतो. हे बिचारे बहुतेक वेळा आपले इन्स्पेक्टरच, आणि ते नेहमी मारामारी संपल्यावर येणार!

हे का होतं? निर्मात्यांना अक्कल नसते म्हणून, असं म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. माणूस दुसऱ्याचा पैसा घेऊन धंदा करतो तेव्हा त्याची अक्कल शाबूतच असते. गहाण पडलेलं असतं ते त्याचं धाडस. आपला हिंदी चित्रपट वर्षानुवर्षं पूर्ण होण्याआधीच विभागवार विकला जात असे. वितरक आगाऊ रक्कम द्यायचा आणि त्याचा प्रश्न एकच असायचा : चित्रपटात आहे कोण? चित्रपटात आहे काय, हा प्रश्न बेअदबीचा समजला जाई. त्या विभागांची नावं ऐकलीत तर थक्क व्हाल. निझामाचं राज्य 1948 साली खालसा झालं, पण चित्रपटाच्या धंद्यात 'निझाम' हा विभाग मागे राहिला. सी.पी. अँड बेरार नकाशावरून पुसला गेला, धंद्याच्या वहीतून नाही. ज्यांना निझामाची चिठ्ठी काढून नवी लावणं जमलं नाही, ते आईच्या डब्यावरची चिठ्ठी काय काढणार? मग कथा आधी आणि नट नंतर हा क्रम उलटा होतो. घरात जे डबे आहेत त्यातूनच स्वयंपाक करायचा. आईचा डबा भरलेला आहे ना, मग घाला कथेत एक आई. तिला खोकला द्या. खोकला स्वस्त पडतो.

या दुकानात शिरताना माणूस काय असतो आणि बाहेर पडताना काय होतो, याची सगळ्यांत कडू गोष्ट ललिता पवारांची. आपल्याला त्या माहीत आहेत त्या एक डोळा बारीक करून सुनेकडे बघणारी सासू म्हणून. पण त्या मूकपटांच्या काळापासून पडद्यावर होत्या, नायिका होत्या. 1932 साली, म्हणजे मुलींनी सिनेमाचं नाव काढलं तरी घरात आभाळ कोसळण्याच्या काळात, बाई 'कैलास' नावाच्या चित्रपटाच्या निर्मात्या होत्या. 1942 साली एका चित्रीकरणात भगवान यांनी त्यांना थोबाडीत मारायची होती.  थप्पड जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. उपचारांत जवळजवळ तीन वर्षं गेली.

दुसऱ्या कुठल्याही धंद्यात याला अपघात म्हणतात. इथं त्याची भूमिका झाली. डोळा बारीक झाला ना, मग या सासूच्या डब्यात! 'रामशास्त्री'तली आनंदीबाई त्यांनी काय केली आहे ते एकदा बघा. 'श्री 420'मधली ती केळेवाली बघा, 'अनाडी'तली मिसेस डिसा बघा. वरून फणस आणि आतून गरा अशी ती घरमालकीण पाहिली की कळतं, या बाईला किती काय काय येत होतं. 'अनाडी'साठी त्यांनाही फिल्मफेअर मिळालं. पण मिसेस डिसा अपवाद, सासू हा नियम. 1987 साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा मंथरा कोण करणार, यावर कुणी अर्धा मिनिट तरी विचार केला असेल का?

'रामायणा'चा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. डबे फक्त स्टुडिओतच असतात असं नाही, आपल्या दिवाणखान्यातही असतात. अरुण गोविल हा 1979 सालच्या 'सावन को आने दो'चा चांगला देखणा नायक. राम झाल्यावर त्याला नायिकेभोवती पिंगा घालायला कोण देणार? प्रेक्षकांनी उदबत्त्या लावल्या आणि निर्मात्यांनी दारं लावली. गंमत अशी, की त्या मंडळींना काम दिलं ते राजकारणानं. 1991 साली सीता बडोद्याहून आणि रावण साबरकांठ्याहून लोकसभेत गेले, दोघेही एकाच पक्षाच्या तिकिटावर. लंकेत जे रावणाला साधलं नाही ते दिल्लीत साधलं! रामाला मात्र मेरठहून निवडून यायला 2024 साल उजाडावं लागलं. हा वनवास चौदा वर्षांचा नव्हे, तेहतीस वर्षांचा.

आपल्या मराठीत निळूभाऊ फुले. राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतून आलेला, पुण्याला माळीकाम केलेला, अत्यंत सभ्य माणूस. आणि खेडोपाडीच्या बायका त्यांना पाहून पदर सावरायच्या, पाठीमागे बोटं मोडायच्या! याला अभिनयाची पावती म्हणायची आपल्याकडे रीत आहे. असेल, पण ही पावती माणसानं घरी नेऊन बायकोला कशी दाखवायची? त्यांचं नशीब एवढंच, की मराठीत त्याच सुमारास तेंडुलकर लिहीत होते. 'सखाराम बाइंडर' होता, 'सामना' होता, आणि 1979 सालच्या 'सिंहासन'मध्ये तर त्यांना चक्क पत्रकार केलं. तो दिगू टिपणीस पाहताना वाडा, फेटा, मिशी काही आठवत नाही. ज्या दुकानानं या माणसाकडून शेकडो वेळा एकच पाटील वदवून घेतला, त्याला आपल्या फळीवर काय पडून आहे याचा पत्ताच नव्हता. मराठी नटाला नाटक होतं म्हणून तो तरला, हे माझं जुनं मत आहे. दिलीप प्रभावळकरांकडे पाहा. चिमणराव म्हणून अख्ख्या महाराष्ट्रानं त्यांना डब्यात घालून झाकण लावलं होतं. 'हसवाफसवी'त त्यांनी एकट्यानं सहा माणसं करून दाखवली. मग तात्या विंचू झाले, आणि 2006 साली 'लगे रहो मुन्नाभाई'त चक्क गांधीजी. तात्या विंचूच्या डब्यातून गांधीजी काढणारा दिग्दर्शक भेटायला नशीब लागतं. पण आपण सहा जण आहोत हे आधी स्वतः दाखवता यावं लागतं, आणि त्याला रंगमंच लागतो.

पण पुरुष असणंही लागतं, हे म्हटल्याशिवाय राहवत नाही. 1984 सालचा 'सारांश' आठवा. म्हातारा अनुपम खेर आणि म्हातारी रोहिणी हट्टंगडी. म्हाताऱ्याचं खरं वय होतं अठ्ठावीस-एकोणतीस. म्हातारीही तशीच तरुण. दोघंही नॅशनल स्कूल ऑफ ड्रामातून शिकून आलेले. किंबहुना बाईंचं पारडं जड. 'गांधी'तल्या कस्तुरबांसाठी त्यांना इंग्लंडचं बाफ्टा पारितोषिक मिळालेलं होतं. पुढे काय झालं? खेर दोनच वर्षांत 'कर्मा'चा डॉक्टर डँग झाला, मग विनोदी बाप, कंजूष सासरा, जे जे म्हणून पुरुषाला होता येतं ते ते झाला. त्याचा पांढरा विग उतरला. बाईंचा उतरूच दिला नाही. कस्तुरबा केली ना? मग आई. उद्या आई, परवा आई, अमिताभची आई. एकाच चित्रपटात, एकाच खोलीत, एकाच वयात दोघं म्हातारे झाले आणि त्यातला एकच परत तरुण झाला, यापेक्षा जास्त पुरावा मला तरी नको.

आणि मग आला छोटा पडदा. त्याला छोटा कोण म्हणालं? ईटीव्ही मराठीवर 'चार दिवस सासूचे' 2001 साली सुरू झाली आणि 2013च्या जानेवारीत संपली. तीन हजारांवर भाग! मराठीत 'चार दिवस' म्हणजे अकरा वर्षं, हे मला तेव्हा कळलं. सासू अर्थातच रोहिणीबाई. हिंदीत 'क्यूँकि सास भी कभी बहू थी' 2000 साली सुरू झाली. तिच्यातला मिहिर मेला, प्रेक्षकांनी गहजब केला म्हणून जिवंत झाला, आणि पुढे तीन वेगवेगळ्या चेहऱ्यांनी वावरला. 2008 साली मालिका संपली म्हणून आम्ही सुटकेचा श्वास टाकला, तर 2025 साली ती पुन्हा सुरू! आमच्या हिनं मात्र त्या दिवशी शिरा केला होता.

इथं वितरकाच्या जागी टीआरपी आला, एवढाच फरक. देशात टीव्ही असलेली कोट्यवधी घरं, आणि मोजयंत्रं बसवलेली त्यांतली अगदी थोडी. ती घरं काय बघतात ते दर गुरुवारी कळतं, आणि शुक्रवारी कथेत कुणाचा तरी अपघात होतो. लेखकानं कितीही जीव तोडून एखादी शहाणी, नोकरी करणारी, सासूशी गोडीनं वागणारी सून लिहिली, तरी आकडा खाली आला की तिच्या हातून दुधाचं पातेलं पडायलाच हवं, आणि ते तीन वेळा, तीन कोनांतून, ढोलताशासकट पडायला हवं. हे लेखकाचं अज्ञान नव्हे. रोज बावीस मिनिटं भरून काढायची आहेत आणि पातेलं एकच आहे.

आमच्या सोसायटीत 'डॉक्टर' राहतात. म्हणजे ते बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. पण बारा वर्षं मालिकांतून डॉक्टर आहेत. चश्मा, रुपेरी केस आणि गंभीर आवाज, एवढ्यावर पहिल्यांदा निवड झाली आणि डबा ठरला. आता जिन्यात गाठून बायका त्यांना गुडघा दाखवतात. हा माणूस बँकेच्या स्नेहसंमेलनात गणपतराव बेलवलकर करायचा तेव्हा कॅशियरसुद्धा रडायचे. राज्य नाट्यस्पर्धेत त्याला रौप्यपदक आहे. मालिकांत त्याला मिळणारं वाक्य एकच : "आम्ही आमचे सगळे प्रयत्न केले, पण..." पुढचं वाक्य संगीत पूर्ण करतं. एखादा नट जास्त पैसे मागू लागला किंवा दुसरीकडे निघाला, की यांना बोलावणं येतं. स्टुडिओच्या फाटकातून हे आत शिरताना दिसले की नट मंडळी आपापल्या तब्येतीची चौकशी करू लागतात म्हणे.

"एखादं दुसरं काम मागा की हो," मी एकदा म्हटलं.

"मागितलं. म्हटलं, निदान पेशंट तरी करा. ते म्हणाले, पेशंटला संवाद असतात, तुम्हाला त्याची सवय नाही."

परवा जिन्यात भेटले तर चेहरा खुललेला. नवी मालिका मिळाली होती. डॉक्टर नाही, नायिकेचे वडील! मी अभिनंदन केलं. हिनं साखर आणली.

"मोठं काम आहे का?" हिनं विचारलं.

"वर्षभर तरी रोज दिसेन."

"संवाद?"

"नाहीत. फोटो आहे. हार घातलेला. नायिका रोज माझ्यासमोर उभी राहून बोलणार."

आम्ही दोघं गप्प झालो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "फोटोचे पैसे देतात?"

"देतात ना," ते म्हणाले, "नव्वद दिवसांनी."