चेकॉव्हचा चंद्र आणि फुटकी बाटली

लेखकाचे लेखनाविषयीचे विचार गोळा करायचे आणि त्याच्याच कथांना लावून दाखवायचे, असा आराखडा आपल्यापैकी बरेच जण सिनॉप्सिसमध्ये मांडतात. मीही मांडला होता. अन्तोन चेकॉव्हच्या नावावर फिरणारा एक सल्ला मी पहिल्याच पानावर टाकला होता: चंद्र प्रकाशतोय असं सांगू नका, फुटक्या काचेवरची त्याची चमक दाखवा. गाईडनी एकच प्रश्न विचारला, "हे त्यांनी कुठं म्हटलंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शोधल्यावर कळलं, की त्या शब्दांत चेकॉव्हनं हे म्हटलेलंच नाही. मूळ मजकूर आहे एका पत्रात. १० मे १८८६ रोजी, २६ वर्षांच्या चेकॉव्हनं थोरला भाऊ अलेक्झांडर याला ते लिहिलं. हा भाऊसुद्धा कथा लिहायचा. निसर्गवर्णन थोडक्यात आणि नेमकं असावं, हे समजावताना चेकॉव्ह उदाहरण देतो: पाणगिरणीच्या बांधावर फुटक्या बाटलीची काच ताऱ्यासारखी चमकली आणि कुत्र्याची किंवा लांडग्याची काळी सावली चेंडूसारखी गडगडत गेली, एवढं लिहिलं तरी चांदणी रात्र उभी राहते. म्हणजे हा जगातल्या सगळ्या लेखकांसाठी काढलेला फतवा नव्हे. धाकट्या भावानं थोरल्याला दिलेली ती टीप आहे.

आता पत्रातला तो 'लांडगा' लक्षात ठेवा. मार्च १८८६मध्ये, म्हणजे पत्राच्या दोनेक महिने आधी, चेकॉव्हची एक कथा छापून आली होती. आज ती 'लांडगा' या नावानं ओळखली जाते. (आधी तिचं नाव वेगळं होतं आणि नंतर चेकॉव्हनं तिच्यावर पुन्हा हात फिरवला. त्यामुळे आपण कोणता पाठ वाचतोय, याची नोंद ठेवा.) शिकारीला गेलेला नीलोव्ह नावाचा धिप्पाड जमीनदार रात्री पाणगिरणीपाशी थांबलाय. बांधावर फुटक्या बाटलीचं तोंड चमकतंय. थोड्या वेळानं पिसाळलेला लांडगा येतो. नीलोव्ह नुसत्या हातांनी त्याच्याशी झुंजतो, पण त्याला चावा बसतो.

म्हणजे कथा आधी, 'सिद्धान्त' नंतर. पण माझ्या सिनॉप्सिसला खरा धक्का पुढेच बसला. बाटली चमकते त्याच वाक्यात बांध चांदण्यानं न्हाऊन निघालाय, हेही कथेत सरळ सांगितलंय! 'सांगू नका, दाखवा' हा नियम म्हणून लावला, तर चेकॉव्हच नापास होतो.

मग ती काच तिथं कशाला? त्या बांधावर सावलीचा तुकडाही नाही, असं कथा सांगते. सगळं लख्ख दिसतंय, लपायला जागा नाही. अशा उजेडात जे काळं, गोल काहीतरी येतं, ते म्हणजे लांडगा. काचेची चमक त्या सावलीची तयारी करते. आणि पुढची सगळी कथा आहे ती न दिसणाऱ्या भीतीची. अंगात रोग भिनलाय की नाही, या शंकेनं एवढा ताकदवान माणूस लहान मुलासारखा होतो. मी नियम शोधत बसलो असतो, तर हा ताण मला दिसलाच नसता.

गोष्ट इथं संपत नाही. १८९६मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'द सीगल' या नाटकात हीच बाटली परत येते. चौथ्या अंकात तरुण लेखक त्रेप्लेव वैतागून म्हणतो, की प्रस्थापित लेखक त्रिगोरिनला हे सोपं जातं. बांधावर बाटलीचं तोंड चमकलं, गिरणीच्या चाकाची सावली पडली, की झाली त्याची चांदणी रात्र तयार! दहा वर्षांपूर्वी भावाला शिकवलेली युक्ती चेकॉव्ह इथं दुसऱ्या लेखकाच्या नावावर टाकतो आणि तिच्याकडे संशयानं बघतो.

म्हणून माझं म्हणणं असं: लेखकाची मतं ही त्याच्या कथांची किल्ली नसते. त्या मतांनाही तारीख असते, समोर कुणीतरी ऐकणारा असतो, आणि ती बदलतात. हे फक्त रशियन लेखकाचं नाही. ना. सी. फडक्यांच्या कथांवर काम करताना 'प्रतिभासाधन' हाताशी असणारच, पण त्यातला नियम कथेवर चिकटवण्याआधी कथेला तो मान्य आहे का, ते बघा.

आज एक काम करा. तुमच्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात लाडकं अवतरण काढा. ते कुणाला, कधी, कशासंदर्भात म्हटलंय, ते लिहा. मग त्याच्या आगेमागे लिहिलेली एक कथा पूर्ण वाचा. दोन्ही जुळली नाहीत तर घाबरू नका. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण त्या न जुळण्यातूनच उभं राहिलं.