वारुळापाशी थांबलेला राजा

ड्रॅगनवर स्वार झालेला मुलगा आपल्या मुलांच्या ओळखीचा. धाराशिवचा करकंडू मात्र अनोळखी. मुनी कनकामरांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तो स्मशानात जन्मतो, परक्याच्या छायेत वाढतो, हत्तीने निवडल्यामुळे राजा होतो. पुढे तेरापुराजवळ एक रानहत्ती सोंडेने पाणी-कमळ वाहून वारूळ पूजताना त्याला दिसतो. खणल्यावर आत पार्श्वनाथाची मूर्ती सापडते. हीरालाल जैनांनी १९३४ साली हे काव्य संपादून तेरापूर म्हणजे तेर, लेणी धाराशिवची, असे मांडले.

ड्रॅगनकथेत मूल प्राण्याला वश करते. इथे प्राण्याला आधी कळते, आणि पार्श्वनाथावर नागच फणांचे छत्र धरतो. धर्मबोधाच्या ओढीत बालपण झटपट आटोपते, ही काव्याची उणीव. मुलांसाठी कथा नव्याने सांगणाऱ्याने ती भरून काढावी. हत्तीपुढे राजाचे थांबणे मात्र तसेच ठेवावे.