सव्वासात वाजताचं वॉटर्लू

शिशाचे सैनिक रंगवणारी माणसं दोन जातींची. एक, टेबलावर लढाई खेळायची म्हणून रंगवणारी. यांचं नुकसान रविवारपुरतं. दुसरी, लढाई झाली तश्शी मांडायची म्हणून रंगवणारी. यांच्यापासून बायकामुलांनी सावध राहावं. लेफ्टनंट विल्यम सायबॉर्न हा या दुसऱ्या जातीचा मूळपुरुष. त्यानं केलेली वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृती लंडनला चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्यूझियममध्ये आहे. मी ती फक्त छायाचित्रांत पाहिली आहे, पण ताळेबंद तपासायला तिजोरीत उतरावं लागत नाही.

काम १८३० साली सरकारनंच सांगितलं. गडी ल ए सेंत या रणांगणावरच्या शेतवाडीतच आठ महिने राहिला आणि चढउतार मोजले. मग सुमारे चारशे चौरस फुटांवर, म्हणजे आमच्या चाळीतल्या दोन बिऱ्हाडांच्या जागेत, पाऊणलाखाच्या आसपास सैनिक उभे केले. एकेक सैनिक जेमतेम दहा मिलिमीटर. भाच्यानं पाठवलेल्या डबीतले प्लास्टिकचे सैनिक मी रंगवतो, ते याच्या दुप्पट उंच. तरी लाल कोट, त्यावर छातीवरचे पांढरे पट्टे, मग बूट, असा एकाला अर्धा तास लागतो. त्या हिशेबानं पाऊणलाखांना साडेसदतीस हजार तास. रोज आठ तास धरले तर जवळजवळ तेरा वर्षं, तीही बँक हॉलिडे न घेता!

आता दोष. जमिनीचं प्रमाण मैलाला नऊ फूट. त्या मापानं माणूस तीन मिलिमीटरचा हवा. इथं तो तिपटीनं उंच आहे. आमच्या दिवाळीतल्या किल्ल्यावर मावळा दरवाज्यात मावत नाही, त्यातलाच हा प्रकार. पण हा दोष मी माफ करतो. तीन मिलिमीटरचे सैनिक केले असते तर लोकांना मुंग्यांचं वारूळ दिसलं असतं. शिवाय दोन माणसांमागे एक सैनिक धरल्यामुळे पलटणींनी जागा फार अडवली नाही. कारकुनी तोडगा आहे, पण चोख.

खरी मेख वेळेत. सायबॉर्ननं १८ जून १८१५ च्या संध्याकाळचे सव्वासात पकडले. नेपोलियनची गार्ड पलटण शेवटची चढून येते आहे तो क्षण. त्या वेळी तुमच्यासमोर शत्रू कसा उभा होता, शेतात पीक कोणतं होतं, अशी पत्रं त्यानं हयात अधिकाऱ्यांना धाडली. पिकाची चौकशी करणारा माणूस मला फार आवडला. शेकडो उत्तरं आली. लढाईचा इतिहास असा माणसांना विचारून लिहिण्याची रीत त्या काळी नवी होती, आणि माझ्या मते प्रतिकृतीपेक्षा तो पत्रांचा गठ्ठाच मोठं काम आहे.

पण सव्वासातला प्रशियन सैन्यही प्लान्सन्वा गावात लढत होतं. प्रशियनांकडूनच माहिती मागवून सायबॉर्ननं त्यांना जागच्या जागी उभं केलं. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या गोटाला हे मानवेना. (असईला १८०३ साली शिंदे-भोसल्यांशी लढलेला वेलस्ली तो हाच.) प्रशियन इतके पुढे दाखवले तर विजय कोणाच्या खात्यावर जमा करायचा? सरकारनं पैसा तर १८३३ मध्येच थांबवला होता. खर्च तीन हजार पौंडांच्या घरात गेला, कर्ज झालं. १८३८ मध्ये पिकॅडिलीच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. शिलिंगाचं तिकीट काढून लाखभर लोक येऊन गेले म्हणतात, पण सायबॉर्नच्या पदरात फारसं पडलं नाही. आणि पुढे त्यानं हजारो प्रशियन उचलले.

इथं माझ्यातला हिशेबनीस अस्वस्थ होतो. साहेबानं डोळे वटारले म्हणून खतावणीतली नोंद खोडायची, ही गोष्ट मी नोकरीत पाहिलेली आहे; पण खोडणारा बहुधा आळशी असतो. हा तर प्रत्येक नोंद स्वतः मोजून केलेला माणूस! वाईट वाटतं ते त्यामुळे. बरं, १८४४ मध्ये छापलेल्या त्याच्या इतिहासग्रंथात प्रशियन हजर आहेत. प्रतिकृतीवर मात्र विरळ.

त्याच वर्षी त्यानं दुसरी प्रतिकृती दाखवली. सैनिक मोठे, काम अधिक देखणं. विषय ब्रिटिश घोडदळाचा हल्ला, वेळ दुपारी दोनच्या आसपासची. प्रशियन लढाईत उतरले ते साडेचारच्या सुमाराला.